सहायकाला पट्टी करायला लावू नका, पट्टी करणारं टूल द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत पेढ्यांना लागणारं सौदा-पट्टीचं सॉफ्टवेअर दोघं जण सांभाळतात (पट्टी म्हणजे हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याला द्यायच्या रकमेचा हिशेब). पायथन आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं. हाताशी एआय कोडिंग सहायक आहे, पण तो टेबलांची नावं अंदाजानं ठोकून देतो आणि शेतकऱ्याच्या पट्टीचा हिशेब स्वतःच्या मनानं करतो. त्याला आपली टूल्स, म्हणजे त्याला हाक मारता येतील अशी फंक्शन्स, लिहून द्यायची तर सुरुवात कुठून करायची, किती लिहायची आणि पेढीच्या डेटाला धक्का लागू नये म्हणून काय करायचं?

आधी टूल कुठे लिहू नये ते सांगतो. तुमच्या पहिल्या तक्रारीला टूल लागतच नाही. नावं अंदाजानं येतात कारण ती सहायकाला दिसेल अशी कुठे लिहिलेली नाहीत. प्रोजेक्टच्या मुळाशी सूचनांची फाइल ठेवा. क्लॉड कोडसाठी तिचं नाव क्लॉड डॉट एमडी असतं, इतर बऱ्याच सहायकांना एजंट्स डॉट एमडी चालते. त्यात वीसेक ओळी पुरतात: सौदा कोणत्या टेबलात, पट्टी कोणत्यात, वजन कुठे किलोत आणि कुठे क्विंटलमध्ये, हंगाम कोणत्या तारखेला पालटतो. टेस्ट चालवायलाही टूल नको. सहायकाकडे टर्मिनल असतंच, एक स्क्रिप्ट लिहून ठेवा आणि तिचं नाव त्याच फाइलीत सांगा.

टूल खरं लागतं ते तीन ठिकाणी. माहिती रोज बदलते म्हणून फाइलीत लिहून ठेवता येत नाही, तिथे. उत्तर एकच बरोबर असतं आणि ते तुमच्या कोडमध्ये आधीच आहे, तिथे. आणि डेटा दाखवायचा आहे पण दार सताड उघडायचं नाही, तिथे. पट्टीचा हिशेब या तिन्हींत बसतो, म्हणून तोच पहिला घ्या.

यंत्रणा समजून घेतली की पुढचं सोपं जातं. मॉडेल स्वतः काहीही चालवत नाही. ते फक्त टूलचं नाव आणि जेसनमधले (डेटा मजकुरात मांडायची एक पद्धत) पॅरामीटर लिहून देतं. चालवतो तो क्लायंट, म्हणजे तुमचा एडिटर किंवा टर्मिनलमधला सहायक. आलेलं उत्तर मजकूर म्हणून संभाषणात जातं आणि मॉडेल ते वाचून पुढचं ठरवतं. या देवाणघेवाणीची सामायिक पद्धत म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अर्थात एमसीपी. अँथ्रॉपिकनं तो नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केला. आत जेसन-आरपीसी 2.0 ही संदेशांची पद्धत आहे. टूल्स पुरवणारा प्रोग्राम म्हणजे सर्व्हर. तो एकदा लिहिला की क्लॉड कोड, कर्सर, व्हीएस कोड असा कुठेही जोडता येतो, फक्त कॉन्फिग फाइलची जागा आणि रचना थोडी वेगळी असते.

पायथन 3.10 किंवा पुढची आवृत्ती लागेल. एमसीपीचा अधिकृत एसडीके (तयार कोडचा संच) बसवा आणि आवृत्ती पक्की करून ठेवा, कारण हे क्षेत्र अजून हलतं आहे. त्यातल्या फास्टएमसीपीनं काम फार हलकं होतं: साधं फंक्शन लिहायचं, वर टूलचा डेकोरेटर (फंक्शनवरची एक खूण) लावायचा. पॅरामीटरच्या टाइप हिंटवरून (कोणत्या प्रकारचा डेटा ते) स्कीमा, म्हणजे पॅरामीटरचा आराखडा, तयार होतो आणि डॉकस्ट्रिंग (फंक्शनच्या सुरुवातीचा वर्णनाचा मजकूर) हेच टूलचं वर्णन बनतं. सर्व्हरचा सांगाडा अर्ध्या तासात उभा राहतो. वेळ जातो तो वर्णन, उत्तर आणि चुकीचा संदेश या तिघांवर, आणि तिथेच तो जायला हवा.

आता ते एक टूल जवळून पाहू. नाव 'पट्टी_तपासा'. इथे देवनागरीत लिहितो आहे, कोडमध्ये मात्र रोमन अक्षरंच ठेवा. बहुतेक मॉडेल टूलच्या नावात रोमन अक्षरं, आकडे, अधोरेखा आणि हायफन एवढंच घेतात, तेही 64 अक्षरांपर्यंत. वर्णन मात्र खुशाल मराठीत लिहा.

समजा राजापुरी हळदीचा लॉट आहे. 24 पोती, वजन 12.45 क्विंटल, सौद्यात फुटलेला दर क्विंटलला 14,250 रुपये. हमाली पोत्यामागे 10 आणि तोलाई 4 रुपये धरू. ढोबळ रक्कम 1,77,412.50. हमाली 240, तोलाई 96. निव्वळ 1,77,076.50. आता हे रुपयात पूर्ण करायचं. पायथनचं राउंड फंक्शन नेमकी अर्धी रक्कम जवळच्या सम आकड्याकडे नेतं, म्हणून 1,77,076 देतं. पोस्टग्रेसचं राउंड, रकाना न्यूमेरिक (नेमके दशांश) असेल तर, अर्ध्याला वर चढवतं आणि 1,77,077 देतं. रकाना डबल प्रिसिजन (अंदाजे दशांश) असेल तर तेही बहुधा सम आकड्याकडेच जातं. सहायकानं टेस्ट लिहिताना हिशेब पायथनमध्ये पुन्हा मांडला की एका रुपयाचा फरक पडतो. मग तो 'दुरुस्ती' म्हणून तुमच्या चांगल्या चाललेल्या क्वेरीला हात घालतो. पेढीवर रुपयाचा फरक म्हणजे संध्याकाळी रोजमेळ बसत नाही आणि दिवाणजी फोनवर.

म्हणून टूलनं सूत्र पुन्हा लिहायचं नाही. प्रत्यक्ष पट्टी छापणारं जे फंक्शन आहे, तेच आत बोलवायचं. ते स्क्रीनच्या कोडमध्ये गुंतलेलं असेल तर आधी वेगळं काढा, टूल नंतर. आणि उत्तरात नुसती देय रक्कम नको, टप्पे द्या: ढोबळ, हमाली, तोलाई, निव्वळ, पूर्णांकात किती, कोणत्या तारखेपासूनचा दर-तक्ता लागला. टप्पे दिसले की फरक कुठे पडला ते सहायक स्वतः शोधतो. एकच आकडा दिलात तर तो पुन्हा अंदाज करत बसतो.

वर्णन असं ठेवा:

'एका लॉटची शेतकरी पट्टी टप्प्यांसह काढते. पट्टी, हमाली, तोलाई किंवा देय रकमेशी संबंधित कोड किंवा टेस्ट लिहिताना अपेक्षित आकडा इथूनच घ्या, स्वतः गुणाकार करू नका. खरेदीदाराच्या बिलासाठी वापरू नका, त्याचे नियम वेगळे आहेत. डेटाबेसमध्ये काहीही बदलत नाही.'

यात चार गोष्टी आहेत: काय करतं, केव्हा वापरायचं, केव्हा नाही, आणि परिणाम काय. तिसरी बहुतेक जण गाळतात. दोन टूल्स एकमेकांसारखी दिसू लागली की तीच उपयोगी पडते. 'पट्टीची माहिती देते' एवढंच लिहिलंत तर मॉडेल ते टूल कधी उचलेल आणि कधी नाही, याचा नेम नाही.

पॅरामीटरच्या नावातच एकक घाला. 'वजन' नको, 'वजन_क्विंटल' हवं. नाहीतर काट्यावरचे 1245 किलो तसेच आत येतात आणि पट्टी कोटीच्या घरात जाते. शिवाय आत एक तपासणी ठेवा: वजनाला पोत्यांनी भागा. वरच्या लॉटमध्ये पोत्यामागे 51.875 किलो येतात, ते ठीक. पोत्यामागे 51 क्विंटल आले तर हिशेब न करता परत पाठवा. तुमच्याकडच्या पोत्याचं नेहमीचं वजन किती ते तुम्हाला ठाऊक आहेच, तोच पट्टा कोडमध्ये घाला. हंगाम, मालाचा प्रकार असल्या पॅरामीटरना मोकळा मजकूर न ठेवता ठरावीक पर्यायांची यादी द्या. 'हळद', 'बेदाणा', 'गूळ' एवढेच पर्याय स्कीमात असले की 'हळकुंड' आत यायचा प्रश्न मिटतो. रकमा उत्तरात स्ट्रिंग (मजकूर) म्हणून पाठवा, फ्लोट (अंदाजे दशांश) करून नको.

चुकीचा संदेश हा मॉडेलसाठी पुढच्या पावलाची सूचना असते, म्हणून त्यात पाऊल लिहा. 'लॉट सापडला नाही' यावर मॉडेल तोच लॉट आणखी दोन प्रकारे मागून पाहतं आणि मग मनानं आकडे बनवतं. त्याऐवजी: 'ह-1042 हा लॉट 2025-26 हंगामात नाही. याच क्रमांकाचा लॉट 2024-25 मध्ये आहे. हंगाम देऊन पुन्हा विचारा.' एमसीपीमध्ये टूलची चूक आणि प्रोटोकॉलची चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टूलची चूक उत्तरातच 'चूक आहे' अशा खुणेसह जाते, म्हणून मॉडेलला वाचता येते. फास्टएमसीपीत फंक्शननं एक्सेप्शन (कोडमधली चूक कळवणारा संकेत) टाकलं की त्याचं आपोआप असं उत्तर होतं. हे सोयीचं आहे आणि धोक्याचंही: पोस्टग्रेसचा कच्चा संदेश जसाच्या तसा मॉडेलपर्यंत जातो आणि त्यात कधी अख्खी ओळ असते, शेतकऱ्याच्या नावासकट. डेटाबेसची एक्सेप्शन आतच पकडा, सविस्तर लॉगमध्ये लिहा, बाहेर आपलं वाक्य द्या.

रिकाम्या उत्तराचंही तसंच. रिकामी यादी परत गेली की मॉडेल 'डेटाच नाही' असं धरून चालतं. 'शून्य लॉट, या तारखेला सौदे बंद होते' आणि 'शून्य लॉट, या नावाची पेढी नाही' यांत फार अंतर आहे.

उत्तराची लांबी आवरा. हंगाम भरात असताना एका दिवसाचे सौदे सगळे ओतलेत तर संभाषण त्यातच भरून जातं आणि मॉडेल आधीच्या सूचना विसरल्यासारखं वागतं. वीस ओळी द्या आणि शेवटी लिहा: 'आणखी 143 लॉट आहेत, अडत्या किंवा दर देऊन गाळा.' क्लॉड कोड मोठ्या उत्तरावर 10,000 टोकनांपाशी (टोकन म्हणजे मॉडेल मोजतं तो मजकुराचा तुकडा) इशारा देतो, आणि नेहमीची कमाल मर्यादा 25,000 आहे. पण तिथवर पोहोचणारं टूल मुळातच चुकीचं बेतलेलं असतं.

डेटाबेसच्या सुरक्षेबद्दल माझं मत ठाम आहे: 'कोणतीही क्वेरी चालवा' असं टूल देऊ नका. दिसायला ते सगळ्यात सोयीचं. पण क्वेरीला फक्त-वाचन ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र चालणाऱ्या विधानांचं आवरण) गुंडाळलं तरी, ड्रायव्हर एका हाकेत अनेक विधानं घेत असेल तर आतल्या मजकुरात 'कमिट' आणि अर्धविराम लिहिला की ते आवरण सुटतं आणि पुढचं विधान मोकळं चालतं. वर्णनात 'डिलीट करू नका' लिहिणं म्हणजे सूचना झाली, अटकाव नव्हे. एमसीपीत टूलवर 'फक्त वाचतं', 'नासधूस करू शकतं' अशा खुणा लावता येतात, त्या जरूर लावा, पण त्याही क्लायंटला दिलेल्या सूचनाच आहेत.

अटकाव करायचा तो पोस्टग्रेसमध्ये. सहायकासाठी वेगळा रोल (डेटाबेसमधला वापरकर्ता) बनवा. त्याला मूळ टेबलांवर काहीच अधिकार देऊ नका. लागतील तेवढे तीन-चार व्ह्यू (टेबलातले निवडक रकाने दाखवणाऱ्या साठवलेल्या क्वेरी) बनवा आणि फक्त त्यांच्यावर सिलेक्ट, म्हणजे वाचायचा अधिकार, द्या. व्ह्यू मुळात त्याच्या मालकाच्या अधिकारानं चालतो, त्यामुळे रोलला मूळ टेबल उघडावं लागत नाही. पोस्टग्रेस 15 पासून सिक्युरिटी इन्व्होकर (वापरणाऱ्याच्याच अधिकारानं व्ह्यू चालवणं) हा पर्याय आला आहे, तो चालू केला असेल तर हे बदलतं, तेवढं पाहा. व्ह्यूमधून शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, बँक खातं वगळा आणि त्याऐवजी खातेक्रमांक ठेवा. पट्टीचा कोड तपासायला नावाची गरज नसते, आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पाहता ही माहिती बाहेरच्या मॉडेलकडे न गेलेलीच बरी. रोलला तीन-पाच सेकंदांचा स्टेटमेंट टाइमआउट (क्वेरीची वेळमर्यादा) लावा. आणि शक्य असेल तर पेढीच्या चालू डेटाबेसला जोडूच नका, रात्रीच्या बॅकअपवरून उभी केलेली प्रत पुरते.

'शेरा' रकान्याकडे लक्ष ठेवा. तिथे कोणीही काहीही लिहितं आणि तो मजकूर मॉडेल सूचनेसारखा वाचू शकतं. गरज नसेल तर व्ह्यूत घेऊच नका.

लिहिणारं टूल हवंच असेल तर एकच द्या, 'चाचणी_लॉट_घाला', आणि त्याची जोडणी फक्त चाचणी डेटाबेसशी करा. पट्टी रद्द करणारं, दर बदलणारं टूल नको. क्लायंट परवानगी विचारतो हे खरं, पण दिवसात दहा वेळा विचारलं की माणूस 'नेहमी परवानगी' दाबून मोकळा होतो.

आता मराठी डेटाचे घोळ. बाहेरच्या मार्गदर्शिकांत हे मिळत नाही आणि सांगली-साताऱ्याच्या पेढ्यांच्या डेटाबेसमध्ये ते असू शकतात. 'शेतकऱ्या' मधलं 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतं: एक म्हणजे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, दुसरं म्हणजे साधा 'र', हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत जुळत नाहीत. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणं) 'र' आणि खालचा नुक्ता यांचं 'ऱ' करतं, पण जोडकाच्या प्रकाराला हात लावत नाही. तसंच 'ॲ' हे एकच अक्षर आणि 'अ' वर चंद्र देऊन केलेलं, हेही एनएफसीला वेगळेच वाटतात. त्यामुळे 'कुऱ्हाडे' आडनावाचं खातं आहे की नाही हे सहायकानं विचारलं तर उत्तर कीबोर्डवर अवलंबून राहतं.

इलाज असा: शोधाच्या टूलमध्ये दोन्ही बाजू एकाच फंक्शनमधून गाळून घ्या. आधी जोडकवाला 'र्' बदलून 'ऱ्' करा, मग 'अ' आणि चंद्राचा 'ॲ' करा, मग एनएफसी, आणि उरलेले जोडक सगळ्यात शेवटी काढा. क्रम उलटा केलात, म्हणजे जोडक आधी पुसलेत, तर 'दऱ्या' चं 'दर्या' होतं आणि ते परत आणता येत नाही.

देवनागरी आकड्यांचंही असंच. पायथनचा इंट '१२' ला मुकाट बारा मानतो. जावास्क्रिप्टचा नंबर त्याच मजकुराला 'संख्या नाही' म्हणतो आणि पोस्टग्रेसचा कास्ट (मजकुराची संख्या करणं) चूक देतो. टूल पायथनचं असल्यामुळे चाचणीत सगळं सुरळीत दिसतं आणि ब्राउझरमधला कोड ग्राहकाकडे अडतो. लॉट क्रमांक स्ट्रिंग असतो, म्हणून त्यातले आकडे आत येतानाच इंग्रजी करून घ्या.

आणि उत्तर जेसन करून पाठवत असाल तर फक्त-आस्की (इंग्रजी सोडून इतर अक्षरं सांकेतिक क्रमांकांत लिहिणं) हा पर्याय बंद करा. चालू राहिला तर 'हळद' मधल्या तीन अक्षरांची अठरा चिन्हं होतात. मॉडेल ती वाचतं, पण टोकन विनाकारण जळतात आणि लॉग माणसाला वाचता येत नाही.

जोडणी न चालण्याची कारणं ठरलेली असतात. स्थानिक सर्व्हर क्लायंटशी स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून बोलतो, म्हणजे आउटपुट ही संदेशांची वाट आहे. तिथे एक प्रिंट राहिला की संदेश तुटतो. लॉग नेहमी स्टँडर्ड एररवर किंवा फाइलीत. इनपुटची भानगड त्याहून छुपी: टूलमधून दुसरा प्रोग्राम चालवलात आणि त्याचं इनपुट बंद केलं नाहीत, तर तो क्लायंटचे संदेश स्वतःच गिळतो आणि सर्व्हर गोठल्यासारखा दिसतो. सबप्रोसेसला, म्हणजे त्या दुसऱ्या प्रोग्रामला, इनपुट म्हणून डेव्हनल (रिकामं इनपुट) द्या, वेळमर्यादा द्या. विंडोजवर सबप्रोसेसचं मराठी आउटपुट मजकूर म्हणून घेताना एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्पष्ट लिहा, नाहीतर पायथन यंत्राच्या स्थानिक एन्कोडिंगनं वाचतं आणि एकतर चूक येते किंवा अक्षरांचा काला. चौथं कारण पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या जागांची यादी. एडिटर आयकॉनवरून उघडला तर त्याला टर्मिनलमधला पाथ दिसेलच असं नाही, म्हणून पायथनचा पूर्ण पाथ लिहा.

एडिटरला जोडण्याआधी एमसीपी इन्स्पेक्टरमध्ये टूल हातानं चालवून पाहा. ब्राउझरमध्ये उघडतो, स्कीमा दाखवतो, पॅरामीटर भरून बटण दाबता येतं. इथे चाललं आणि एडिटरमध्ये नाही, तर दोष कॉन्फिगमध्ये किंवा पाथमध्ये.

मग खरी चाचणी. पेढ्यांकडून आलेल्या जुन्या तक्रारींतून पंधरा-वीस कामं निवडा: 'या लॉटची पट्टी रुपयानं कमी का आली', 'हमालीचा दर 1 तारखेपासून बदलला, जुन्या पट्ट्या तशाच राहायला हव्यात', अशी. प्रत्येक काम नव्या संभाषणात द्या आणि लॉगमध्ये पाहा: टूल उचललं का, बरोबर पॅरामीटर दिले का, उत्तर वापरलं की बाजूला ठेवून गुणाकार केला. उचलत नसेल तर वर्णन बदला, कोड नव्हे. दोन टूल्समध्ये घोटाळत असेल तर बहुधा ती एकच असायला हवीत. 'लॉट_शोधा', 'पट्टी_तपासा', 'दर_तक्ता' आणि 'चाचणी_लॉट_घाला' या चारांवर तुमचं काम भागेल. काही क्लायंट आता गरजेपुरतीच वर्णनं आणतात, पण बऱ्याच ठिकाणी प्रत्येक टूलचं वर्णन दर वेळी संभाषणात जातं, त्यामुळे 'असू दे एखादं जास्तीचं' हा विचार महागात पडतो.

कॉन्फिग फाइल गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) ठेवा म्हणजे दोघांकडे एकच टूल्स राहतील. पासवर्ड त्यात नको, तो प्रत्येकाच्या यंत्रावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (फाइलीबाहेर यंत्रात ठेवलेलं मूल्य). एचटीटीपीवरचा सामायिक सर्व्हर, लॉगिन, ओळख पटवणारे टोकन वगैरे तुम्ही दोघंच आहात तोवर लागत नाही. हळदीची आवक सुरू होण्याआधी वर्णनं गोठवून टाका आणि हंगामात फक्त लॉग जमवा. बदल करायचे ते आवक ओसरल्यावर, आणि केल्यावर तीच पंधरा-वीस कामं पुन्हा चालवून.